मुंबईत जुना लायट्रो इल्यूम घेताना: भावापेक्षा कॅलिब्रेशन बघा

लायट्रो कंपनीचा इल्यूम २०१४ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,५९९ डॉलर होती. पुढे त्याचे भाव कोसळले, मार्च २०१८ मध्ये कंपनीनेच गाशा गुंडाळला, आणि आता हा कॅमेरा जुन्या मालाच्या भावात मिळतो. त्याच्या आधीचा, चौकोनी नळीच्या आकाराचा पहिला लायट्रो तर आणखी स्वस्त. फोटो आधी काढायचा आणि फोकस कुठे हवा ते नंतर ठरवायचे, ही करामत आजही नव्याने ऐकणाऱ्याला भुरळ घालते. त्यात किंमतही आवाक्यातली निघाली की माणूस फार चौकशी करत नाही. या कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आमचे मत आधीच सांगतो. इल्यूम चालू असेल, त्याचा कॅलिब्रेशन डेटा (त्याच कॅमेऱ्याची कारखान्यात घेतलेली जुळवणीची मापे) हाती येत असेल आणि भाव बेताचा असेल, तर जरूर घ्यावा. रेट्रिक्स ही जर्मन कंपनी लाइट फील्ड, म्हणजे प्रकाशकिरणांची दिशाही टिपणारे, कॅमेरे बनवते, पण ते कारखाने आणि प्रयोगशाळांसाठी असतात. हौसेने हाताळता येईल असा लाइट फील्ड कॅमेरा हवा असेल तर लायट्रोकडेच यावे लागते. घरातला एकुलता एक कॅमेरा म्हणून किंवा लग्नमुंजीचे फोटो काढायला मात्र तो घेऊ नये. व्हिडिओ तर त्यात नाहीच.

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल त्याच्यावर पडलेल्या उजेडाची नुसती बेरीज करतो. कुठला किरण कुठल्या दिशेने आला, हे त्या बेरजेत हरवून जाते. लायट्रोमध्ये सेन्सरच्या अगदी पुढ्यात हजारो मायक्रोलेन्सचा (अतिसूक्ष्म भिंगांचा) एक पातळ थर बसवलेला असतो. इल्यूममध्ये यातली प्रत्येक मायक्रोलेन्स सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते आणि तिच्याखाली साधारण १४ × १४ पिक्सेल येतात. मुख्य लेन्सच्या डाव्या कडेने आलेला किरण त्यातल्या एका पिक्सेलवर पडतो, उजव्या कडेने आलेला दुसऱ्या. त्यामुळे किरणाची जागा आणि दिशा दोन्ही नोंदल्या जातात. पुढे संगणकावर तेच किरण वेगळ्या अंतरावर जुळवले की फोकस बदलतो, आणि वेगळ्या बाजूचे किरण निवडले की बघण्याचा कोनही थोडासा सरकतो. कल्पना जुनी आहे. गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्ये छोट्या भिंगांच्या जाळीतून छायाचित्रण मांडले होते, १९९२ मध्ये एडलसन आणि वँग यांनी प्लेनॉप्टिक, म्हणजे लाइट फील्डच्याच, कॅमेऱ्याचा आराखडा दिला. रेन इंग यांनी २००६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली.

ही दिशेची माहिती फुकट मिळत नाही. इल्यूमचा सेन्सर ७,७२८ × ५,३६८ पिक्सेलचा आहे, म्हणजे चार कोटी पंधरा लाखांच्या आसपास. पण हातात पडणारा फोटो असतो २,४५० × १,६३४ पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम ४ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयने छापला तर तो सव्वाआठ इंच बाय साडेपाच इंचाच्या आतच बसतो. कंपनीने सेन्सरला ‘४० मेगारे’, म्हणजे चार कोटी किरण टिपणारा, म्हटले होते. जुन्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत त्याचे ‘४० मेगापिक्सेल’ झालेले दिसले, तर विकणाऱ्याला कॅमेऱ्याची माहिती नाही असे समजावे. त्याचा फायदा भाव पाडायलाही होतो.

पहिल्या लायट्रोबद्दल थोडक्यात. २०१२ च्या सुरुवातीला तो ग्राहकांच्या हातात आला; ८ जीबीचा ३९९ डॉलर, १६ जीबीचा ४९९. वजन २१४ ग्रॅम, कार्डाची सोय नाही, पडदा दीड इंचाचा आणि उन्हात जवळजवळ निरुपयोगी. फोटो १,०८० × १,०८० पिक्सेलचा, म्हणजे छापायचा तर साडेतीन इंचाचा चौकोन. बॅटरी आतच बसवलेली असल्याने ती मेली की कॅमेरा उघडावा लागतो. वस्तू देखणी आहे, शाळेत प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्याला दाखवायला उत्तम आहे, पण फोटो काढायला घ्यायचा असेल तर इल्यूमच बघावा. त्याला (३५ मिमी कॅमेऱ्याच्या हिशेबात) ३० ते २५० मिमी इतक्या पल्ल्याची झूम लेन्स आहे, ती सगळ्या पल्ल्यात एफ/२, म्हणजे भरपूर उजेड घेईल इतकी उघडी, राहते. चार इंचाचा हलणारा टचस्क्रीन आहे, एसडी कार्ड चालते, बॅटरी काढता येते. वजन ९४० ग्रॅम, म्हणजे दिवसभर गळ्यात घालून फिरण्यासारखा तो नाही.

आता खरेदी. मुंबईत अमुक दुकानात हमखास मिळेल असा हा माल नाही. बहुतेक वेळा तो ऑनलाइन जाहिरातीतून हाती लागतो. नाहीतर फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला जुने कॅमेरे विकणाऱ्यांना सांगून ठेवावे लागते. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एखादा दिसला तर तो चालू आहे असे धरून चालू नये; तिथे चार्ज करून बघायची सोय नसते आणि चार्जर तर बहुधा सोबत नसतोच. कुठेही घ्या, सौदा अशा जागी करा जिथे प्लग आहे, टेबल आहे आणि अर्धा तास बसता येते.

सोबत लायट्रो डेस्कटॉप (हे फोटो उघडायचे कंपनीचे सॉफ्टवेअर) टाकलेला विंडोज लॅपटॉप, एक एसडी कार्ड, एक पेन ड्राइव्ह, मोबाइलचा टॉर्च आणि योग्य केबल न्यावी. इल्यूमला यूएसबी ३ ची मायक्रो-बी केबल लागते, म्हणजे पोर्टेबल हार्ड डिस्कला लागते ती, रुंद आणि मधे खाच असलेली. लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते. डेटासाठीची चांगली केबल घ्या, कारण सैल केबलमुळे कॅमेरा ओळखला जात नाही आणि दोष कॅमेऱ्यावर जातो.

विकणारा ‘सीलपॅक आहे, खोकं उघडलेलं नाही’ असे अभिमानाने सांगत असेल तर ते सील तुमच्यासमोर फोडायला लावा. नाही म्हटले तर उठा. या कॅमेऱ्याच्या बाबतीत सीलपॅक असणे ही जमेची बाजू नाही. लिथियम बॅटरी वर्षानुवर्षे न चार्ज होता पडून राहिली की तिचा व्होल्टेज इतका खाली जातो की आतले संरक्षक सर्किट तिला बंद करून टाकते आणि चार्जर तिला ओळखत नाही. मधूनमधून वापरलेला कॅमेरा यापेक्षा बरा. बॅटरी बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा; ती डुगडुगली किंवा मधे फुगलेली वाटली तर ती चार्जरला लावूही नका. खाचेत बसवताना अडत असेल तर तेही फुगल्याचेच लक्षण. नवी अस्सल बॅटरी मिळवणे अवघड आहे, त्यामुळे बॅटरी गेलेली असेल तर भावातून थोडे पैसे कमी करून भागत नाही.

त्यानंतर कॅलिब्रेशन, आणि इथे घाई नको. मायक्रोलेन्सचा थर प्रत्येक कॅमेऱ्यात काही मायक्रॉन इकडेतिकडे आणि किंचित तिरका बसतो. पिक्सेलच १.४ मायक्रॉनचा असल्यामुळे एवढ्याशा फरकाने कुठला पिक्सेल कुठल्या मायक्रोलेन्सखाली येतो हे बदलते. म्हणून कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याने वेगवेगळ्या झूम आणि फोकसवर कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो काढून ठेवलेले असतात. सॉफ्टवेअर त्यांच्या आधाराने प्रत्येक मायक्रोलेन्सचा मध्य शोधते आणि कडेचा काळोख दुरुस्त करते. हा डेटा त्या एका कॅमेऱ्यापुरताच असतो. दुसऱ्या इल्यूमचा आणून चालत नाही, आणि आता नव्याने पाठवायला कंपनी उरलेली नाही. तो नसेल तर कॅमेरा शटर मारेल, कार्डावर फाइलही पडेल, पण त्या फाइलमधून नीट फोकस बदलणारा फोटो निघणार नाही.

तपासायची रीत अशी. कॅमेऱ्यावरचा सीरियल नंबर लिहून घ्या. कॅमेरा चालू करून केबलने लॅपटॉपला जोडा, लायट्रो डेस्कटॉप उघडा आणि कॅमेरा ओळखला जाऊन डेटा उतरेपर्यंत थांबा. मग विंडोजमध्ये तुमच्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात लोकल, त्यात लायट्रो, त्यात कॅमेराज अशा वाटेने जा (ॲपडेटा लपवलेला असतो, तो आधी दिसता करावा लागतो). तिथे त्याच सीरियल नंबरचा डेटा दिसला पाहिजे. दिसला की लगेच पेन ड्राइव्हवर कॉपी करा, आणि घरी गेल्यावर आणखी दोन ठिकाणी. हे होईपर्यंत सेटिंगमधले फॅक्टरी रिसेट कोणालाही दाबू देऊ नका. विकणाऱ्याकडे त्याच्या जुन्या संगणकावर तेच फोल्डर असेल तर तेही मागून घ्या.

मग दोनचार फोटो. एक पेन कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर उभा धरा, मागे दीडदोन मीटरवर माणूस आणि त्याच्यामागे दुकानाची पाटी येऊ द्या. फोटो लॅपटॉपवर उघडून आधी पेनावर, मग माणसावर, मग पाटीवर क्लिक करा. तिन्ही ठिकाणी फोकस सरकला पाहिजे. माउसने चित्र ओढून कोन सरकतो का बघा. चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी किंवा एका कोपऱ्यात रंगांचा गोंधळ दिसला तर कॅलिब्रेशन जुळत नाही, किंवा कॅमेरा पडून आतला थर हलला आहे; दोन्हीवर मुंबईत इलाज नाही. फाइल उघडायला वेळ लागतो, त्याने बिचकू नका. एक कच्ची फाइल (सेन्सरची जशीच्या तशी नोंद) सुमारे ५२ एमबीची असते आणि तिच्यातून खोलीचा, म्हणजे कुठली वस्तू किती दूर आहे त्याचा, हिशेब काढायला लॅपटॉपची दमछाक होते.

लेन्सला मुंबईत मुख्य धोका बुरशीचा. लेन्सवर पुढून टॉर्च तिरका मारा आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसतात का बघा. साध्या लेन्सची बुरशी बोरा बाजारात साफ करून मिळते. ही लेन्स मात्र कॅमेऱ्याला कायमची जोडलेली आहे, आणि ती खोलून पुन्हा बसवली की कारखान्यातले कॅलिब्रेशन तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून बुरशी असलेला इल्यूम साफ करून घेऊ असे म्हणत विकत घेऊ नये. धुळीचे चारदोन कण चालतात. झूम आणि फोकसच्या रिंगा शेवटपर्यंत फिरवा, पकडीचे रबर चिकट झालेय का चाचपून बघा, टचस्क्रीनच्या चारही कोपऱ्यांवर बोट फिरवा.

सॉफ्टवेअरचे काय, हा प्रश्न रास्त आहे. कंपनीचे संकेतस्थळ गेले, फोटो चढवायची पिक्चर्सची साइट तर नोव्हेंबर २०१७ अखेरच बंद झाली. म्हणजे बघणाऱ्याला स्वतः क्लिक करून फोकस बदलता येईल असा फोटो आता पूर्वीसारखा कोणाला पाठवता येत नाही. तुम्ही फोकस सरकवून त्याची एमपी४ चित्रफीत करता किंवा जेपेग काढता, आणि ते पाठवता. लायट्रो डेस्कटॉप स्वतः मात्र इंटरनेटशिवाय चालतो. त्याची इन्स्टॉलर फाइल विकणाऱ्याकडून मागून घ्या. नाहीतर जुनी सॉफ्टवेअर जपणाऱ्या अर्काइव्हमध्ये शोधावी लागते. हाती आली की कॅलिब्रेशनच्या शेजारीच जपून ठेवा.

ज्यांना गणितात रस आहे त्यांच्यासाठी इल्यूम आजही सोन्याची खाण आहे. डोनाल्ड डॅन्सरो यांचा मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसाठीचा लाइट फील्ड टूलबॉक्स लायट्रोच्या कच्च्या फाइली उलगडतो आणि एकाच शॉटमधून १५ × १५ कोनांमधून दिसणारी छोटी चित्रे काढून देतो. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना प्लेनॉप्टिकॅम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. दोघांनाही तेच पांढरे कॅलिब्रेशन फोटो लागतात. संगणक दृष्टीवर (संगणकाला चित्रे समजावण्याच्या शास्त्रावर) प्रकल्प करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने एवढ्या पैशात इतका समृद्ध डेटा देणारे दुसरे यंत्र शोधून दाखवावे.

वापरताना पहिली अडचण येते ती दुपारच्या उन्हात. लायट्रोला डायफ्रॅम, म्हणजे लेन्सचे तोंड लहानमोठे करणारी झडप, नसते. ते तोंड बारीक केले असते तर मायक्रोलेन्सखाली पडणारी प्रकाशाची वर्तुळे आक्रसली असती आणि त्यांच्या भोवतीचे पिक्सेल वाया गेले असते. त्यामुळे लेन्स कायम एफ/२ वर. आता हिशेब करा: लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८० ला एफ/१६ वर १/८० सेकंद लागते. एफ/२ म्हणजे त्याच्या सहा स्टॉप उघडे (एका स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणून शटर हवे १/५१२० सेकंद. इल्यूमचे सर्वांत जलद शटर आहे १/४०००. गिरगाव चौपाटीवर भरदुपारी वाळू आणि पांढरे शर्ट फोटोत तपशील जाऊन नुसते पांढरेफटक होणार ते इथेच. उपाय म्हणजे लेन्सवर लावायचा ७२ मिमीचा काळसर एनडी८ फिल्टर. तो तीन स्टॉप उजेड अडवतो आणि शटर १/६४० वर येते. सोबत मिळाला तर उत्तम, नाहीतर फोर्टात विकत घ्या. त्याचे पैसे कॅमेऱ्याच्या भावातच धरा. पहिल्या लायट्रोत चार स्टॉपचा एनडी आतच दिलेला आहे, कारण त्याचे शटर १/२५० च्या वर जात नाही.

अंधारात उलटी तक्रार. एफ/२ असूनही आयएसओ वाढवला की दाणे दिसू लागतात आणि त्याच दाण्यांमुळे खोलीचा अंदाज चुकतो. सॉफ्टवेअर शेजारच्या कोनांतल्या चित्रांची तुलना करून अंतर ठरवते. दाणे वेगवेगळे पडले की तुलना फसते. त्याच कारणाने कोरी भिंत, काच, स्टीलची भांडी आणि एकसारख्या गजांची खिडकी हे विषय कठीण जातात. कोऱ्या भिंतीवर जुळवायला खूणच नसते, गजांच्या ओळीत कुठला गज कुठला हे कळत नाही. परिणाम म्हणून कपाळाची कड मागच्या पडद्यात विरघळते किंवा केसांभोवती धूसर पट्टा येतो. डेस्कटॉपमध्ये डेप्थ मॅप (अंतरांचा नकाशा) उघडून तो दोष आधीच बघता येतो.

चांगले फोटो येतात ते थर असलेल्या जागी. दादरच्या फूलबाजारात लेन्सजवळ लोंबणारी झेंडूची माळ, मधे गजरा ओवणारे हात, मागे पाट्या डोक्यावर घेऊन चाललेले हमाल. किंवा लालबागच्या गणपती कारखान्यात पुढे ब्रश, मधे डोळ्यांची आखणी चाललेली मूर्ती, मागे रांगेने उभ्या बिनरंगाच्या मूर्ती. मरीन ड्राइव्हचे विहंगम दृश्य काढून फोकस बदलू पाहिलात तर काहीच होणार नाही, कारण तिथे सगळेच दूर आहे. इल्यूमवर लायट्रोचे बटण आहे. ते दाबले की पडद्यावर निळ्या आणि केशरी रेघा येतात. निळ्या म्हणजे फोकसच्या अलीकडचा भाग, केशरी म्हणजे पलीकडचा. चित्रात दोन्ही रंग भरपूर असतील तेव्हाच शटर दाबायचे. जिथे रंगच नाही, तो भाग नंतर कितीही क्लिक केले तरी तीक्ष्ण होणार नाही. ‘फोकस नंतर’ या वाक्याला ही मर्यादा आहे, आणि ती कळेपर्यंत बरेच जण निराश होऊन कॅमेरा विकून टाकतात.

पावसाळ्यात तो कपाटात कपड्यांबरोबर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटे हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा. बॅटरी कॅमेऱ्याबाहेर, अर्धी चार्ज करून ठेवा आणि दोनतीन महिन्यांनी तपासा.

परदेशातून मागवणार असाल तर दिसणाऱ्या डॉलरच्या भावाला भुलू नका. टपालखर्च, कस्टम ड्यूटी आणि त्यावरचा आयजीएसटी धरून शेवटचा आकडा काढा. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या टपालात अडते, म्हणून ती कॅमेऱ्यातच बसवून पाठवायला सांगा. शिवाय तिथे कॅलिब्रेशन तुम्हाला तपासता येत नाही. विकणाऱ्याने सीरियल नंबर आणि दोनतीन कच्च्या फाइली कॅलिब्रेशनसकट आधी पाठवल्या तरच पुढे जा.

भावाबद्दल आमचा अंदाज असा. बॅटरी, चार्जर, हूड (लेन्सवरचे ऊन अडवणारी कड), केबल आणि तपासलेला डेटा यांसह इल्यूमला पंधरा ते वीस हजार रुपये ही वरची हद्द. दुसरी चालणारी बॅटरी सोबत असेल तर वीसला हरकत नाही. चार्जर नसेल तर पंधराच्या खूप खाली या. पहिल्या लायट्रोला चारपाच हजारांपेक्षा जास्त देऊ नयेत, तेही बॅटरी तासभर टिकते हे बघूनच. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरच्या संगणकावर पुन्हा तपासायला निदान दोन दिवसांची परतीची मुदत मागा. डेटा कॉपी करू न देणारा विकणारा भेटला, तर भाव कितीही उतरवला तरी तो कॅमेरा तिथेच राहू द्या.